पडद्यावर माझ्या पोरीचं तोंड

पडद्यावर एक तोंड आलं. भिंतीएवढं. हातमोज्याच्या बोटांनी वर ओढलेला ओठ, पिवळे दात, हिरड्यांपाशी काळं किटण. वरचा एक दात वाकडा. मी लगीच वळखलं. माझ्या पोरीचं तोंड ते.

सोलापुरातली इंग्रजी शाळा. पालकांची मिटिंग. पोरंबी बसलेली. त्याच आठवड्यात शाळेत दातांची तपासणी झाली व्हती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, संस्थेच्या अध्यक्षांची सून, हसत म्हणाल्या, "नाव सांगत नाही. पण ही आपल्याच शाळेतली मुलगी आहे. घरात अज्ञान असलं की असं होतं."

नाव पोरांनी सांगितलं. मोठ्यानं. सगळा हॉल हसला.

"आई आल्यात का तिच्या?" डॉक्टरीणबाईंनी इचारलं.

मी उठले. का उठले, म्हाईत न्हाय.

"मिश्री लावता ना? दिसतंच आहे."

मी खाली बसले.  माझी धा वर्षांची पोर तिसऱ्या रांगेत गुडघ्यात मान घालून बसलेली. तिच्याकडं बगायचं धाडस झालं न्हाय. त्याची लाज आजबी हाय.

मी शुक्रवार पेठेत शाळेचे गणवेश शिवते. मूळची मंगळवेढ्याकडची. पोर लहान असताना दात दुखला की मीच बोटानं मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. माझ्या आयनं मला लावली, मी तिला. चुकलं माझं. पन चुकतंय हे सांगायला कोण आलं व्हतं?

दुसऱ्या दिवशी मोरीत बगते तर पोर वज्रीनं दात घासत व्हती. टाचा घासायच्या वज्रीनं. हनवटीवरनं रगत गळत व्हतं.

"आई, जात न्हाय गं. लई घासलं, जात न्हाय."

मी वज्री हिसकली. तिनं तोंड मिटलं. चार दिवस नुसती पेज, तीबी मी रडले की दोन घोट.

सरकारी दवाखान्यात नेलं. तितले डॉक्टर म्हणाले, "किटण दगडासारखं होतं बाई. घासून जात नाही, मशीननं काढावं लागतं. शाळेत तपासलं तेव्हा चिठ्ठी दिली नाही का?"

चिठ्ठी. कसली चिठ्ठी? फोटू काढला, दाखवला, हसले. पोरीला दवाखान्यात न्या, एवढं लिहून द्यायचं कुणाच्या मनात आलं न्हाय.

तशीच शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत.

"फोटू काढून टाका. आन् त्याच हॉलमध्ये माझ्या पोरीची माफी मागा."

"अहो, फुकट तपासलं आम्ही. प्रवेशही मोफतच आहे तुमचा. विसरू नका."

"प्रवेश शिक्षण हक्काच्या कायद्यानं मिळालाय. तुमी दिला न्हाय." माझा आवाज फाटला. पन बोलले. "तपासलं म्हंता, मग इलाज कुटं हाय?"

त्यांनी शिपायाला बोलावलं. त्यानं मला बाहेर काढलं.

सरकारी दवाखान्यात मशीननं किटण निघालं. हिरडी सोललेली ती सोललेलीच. समोरचा दात हलतोय. राहील का, डॉक्टरबी सांगत न्हाईत. फोटू कुणाकुणाच्या फोनात गेलाय, कोण जाणे. पोर हजेरीला हात वर करते, तोंड उघडत न्हाय.

मी सातवी शिकले. शाळेच्या तक्रारीचा अर्ज माझ्या हातानं लिहिला, शिक्षण खात्यात दिला, पोच घेतली. उत्तर न्हाय. दुसरा दिला. शाळा म्हंते, पोरीला दुसरीकडं घाला. न्हाय घालत. ती त्याच वर्गात बसंल. आन् मी तिसरा अर्ज लिहायला घेतलाय.