तिकडची सिस्टर

वॉर्डात शिरली की ती आधी पेशंटकडे बघायची नाही, पलंगाकडे बघायची. पलंगाच्या दांड्यावरून एक बोट फिरवायची, ते डोळ्यांसमोर धरायची आणि म्हणायची, "तिकडे असं नसतं."

तिकडे म्हणजे आयर्लंडला. तिथे ती कधीच गेली नव्हती. जन्म अकोल्याचा, नर्सिंग नागपूरचं, आणि नवरा फौजेत म्हणून ती जयपूरला आली. अकोला ते जयपूर हाच तिचा आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास, तोही स्लीपरने. पण आयर्लंडच्या हॉस्पिटलातल्या पलंगांवर धूळ नसते हे ती अशा थाटात सांगायची, की जणू कालच तिथली ड्युटी संपवून आली आहे. ही सगळी माहिती मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून मिळवलेली. तिकडे गेलेल्या कोणी नर्सबाई स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा बसस्टॉप, स्वतःचा पाऊस दाखवायच्या आणि ही ते भक्तिभावाने बघायची.

मी त्या वॉर्डाची इन्चार्ज. माझे मिस्टर विमा कंपनीत. बदलीवर कोल्हापूरहून इथे आलो आणि दुर्गापुऱ्यात घर घेऊन इथलेच झालो. आमचं हॉस्पिटल मध्यम, खाजगी, हाडांच्या आणि अपघातांच्या केसेस जास्त. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून बोटं चेपलेले कामगार येतात, आसपासच्या गावांतून मांडीचं हाड मोडलेली म्हातारी माणसं येतात. अशा ठिकाणी एक मराठी स्टाफ नर्स रुजू झाली म्हणून मला आनंद झाला होता. तो आठवडाभर टिकला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पगार इथला घेतात, भाजी इथली खातात आणि नावंही इथल्यालाच ठेवतात. आमच्या पॅन्ट्रीतला चहा आला की ही कपात डोकावून नाक मुरडायची. "तिकडे दूध वेगळं देतात."

"मग तिकडे गेल्यावर पी," मी म्हणायचे आणि तिचाही कप मीच संपवायचे.

मला तिचा खरंच राग यायचा. ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या कामाकडे ही बाई रेल्वेच्या वेटिंग रूमसारखी बघत होती.

तिने सगळ्यात मोठा घोळ घातला तो नातेवाइकांच्या बाबतीत. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. त्याच्यामागे सून डबा घेऊन येते, पुतण्या उशी घेऊन येतो, आणि शेजारच्या गावचा कोणी मेहुणा नुसताच येऊन सतरंजीवर आडवा होतो. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे घरचे करतात. ते नसतील तर आया करते. सिस्टरने इंजेक्शन द्यायचं, सलाइन लावायचं, चार्ट भरायचे. ही आली आणि सगळ्यांना बाहेर काढायला लागली. "चलो भैया, विज़िटिंग ख़त्म. तिकडे नातेवाईक राहत नाहीत. सगळं नर्स करते." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि ताठा मात्र पूर्ण आयरिश.

मग बाहेर काढलेल्यांची कामं ती स्वतः करायला लागली. पडदा ओढून पेशंटला गरम पाण्याने पुसून काढायची, पावडर लावायची, चादर बदलायची. आया माझ्याकडे येऊन भांडली. "मैडमजी, ये सिस्टर मेरा काम खा रही है." एका म्हातारीची सून तर रडतच आली. "मेरे होते हुए सासूजी को कोई और नहलाएगी? लोग क्या कहेंगे, बहू मर गई?" मी हिला बोलावून झाप झाप झापलं. ती शांतपणे ऐकून घेत म्हणाली, "मॅडम, तिकडे गेल्यावर मला हे करावं लागणार आहे. हाताला सवय नको?" म्हणजे आमचे पेशंट तिच्या सरावाचं सामान! त्या म्हातारीच्या पाठीला शेवटपर्यंत पडून राहिल्याने होणारी एकही जखम झाली नाही हे खरं. काम चांगलं होतं. माणूस असह्य होता.

इंग्रजीचंही तेच. तिकडे जायचं तर नर्सला इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. त्यात लिहिणं-वाचणं असतंच, पण खरी मेख बोलण्यात. एक प्रसंग देतात, आणि नर्सने पेशंटशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी इंग्रजीत बोलायचं नाटक करायचं. ही त्यात दोनदा नापास झालेली. म्हणून सराव वॉर्डात. शेखावाटीच्या एका पागोटेवाल्या बाबाला तिने एकदा समोर उभं राहून, हात जोडल्यासारखे धरून, भलंमोठं इंग्रजी ऐकवलं. त्याला कसं वाटतंय, दुखणं दहापैकी किती, वगैरे. बाबा कळवळून म्हणाला, "बेटी, सुई लगानी है तो लगा दे. डाँट क्यों रही है?"

सगळा वॉर्ड हसला. ती नाही हसली. पुढच्या पलंगाकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लाज नावाची गोष्ट तिच्यात घालायची राहून गेली होती.

खरं तर तिला जायचं असतं तर ती केव्हाच गेली असती. आमच्या केरळच्या सिस्टर्स एकेक करून गेल्याच की. ना गाजावाजा, ना पलंगावरून बोटं. मुलं आजीजवळ ठेवायची, आधी एकटीने जायचं, जम बसला की मुलांना बोलवायचं. हिलाही आखाती देशांतून बोलावणं आलं होतं. एका एजंटाने दुसरीकडचंही जमवलं होतं, पण आधी एकटीने या, मुलांचं पुढे बघू, या बोलीवर. हिने दोन्ही नाकारलं. थोरली मुलगी आठवीत, धाकटा मुलगा पहिलीत. नवरा कायम कुठल्यातरी सीमेवर. "मुलं बरोबर, नाहीतर नको," एवढंच तिचं म्हणणं.

मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, वर्षभर मुलं तुझ्या सासूजवळ राहिली तर काय आकाश कोसळतं का? सगळ्यांची राहतात."

ती जखमेवर लावायच्या गॉजच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी आई मस्कतला नर्स होती ताई. मी अकोल्याला मामीकडे वाढले. आई दोन वर्षांनी एकदा यायची. मी पाच-सहा वर्षांची असताना आली, तेव्हा दारात उभी राहून हात पसरले तिने. मी मामीच्या मागे जाऊन लपले. पदर घट्ट धरून. आईने बॅगेतून साबण काढला, चॉकलेट काढलं, दुधाची पावडर काढली. मी बाहेर आले नाही." घड्या घालून झाल्या. "नंतर सगळं ठीक झालं. पण ती मरेपर्यंत मला तिच्यासमोर पाहुण्यांकडे गेल्यासारखं वाटायचं."

वॉर्डात ती मला मॅडम म्हणायची. ताई म्हणाली ती त्या दिवशी पहिल्यांदा. यावर माझं मन लगेच विरघळलं असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मला वाटलं, असेल बाई, म्हणून काय आमच्या चहाला नावं ठेवायची?

त्यानंतर काही दिवसांनी तिने मला घरी बोलावलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि सरावाला "खरा" पेशंट हवा होता. जवाहर नगरमध्ये वरच्या मजल्यावर तिचं भाड्याचं घर. गेले तर दोन्ही मुलं टेबलाशी बसून काट्याने पोहे खात होती. पोहे! काट्यातून शेंगदाणे घरंगळत होते आणि मुलं पुन्हा ते टोचायला जात होती. मी धाकट्याला विचारलं, "काय रे, शाळा कशी आहे?" त्याने आईकडे पाहिलं. तिच्या घरात मराठी बंद होती, हिंदीही बंद होती. तिकडे गेल्यावर मुलं बुजायला नकोत म्हणून. "गुड, आंटी," तो म्हणाला. मला त्या पोह्यांची आणि त्या पोराची सारखीच कीव आली.

मग नाटकाची मांडामांड झाली. मला दिवाणावर चादर पांघरून झोपवलं. इतकी वर्षं पेशंटना झोपवणारी मी, छताकडे बघत पडून राहिले. मी पडून दुखापत झालेली म्हातारी. धाकटा माझा मुलगा, मला घरी न्यायला आलेला. नर्सने त्याला समजवायचं की आईला आता इथेच राहावं लागेल. थोरली परीक्षक, खुर्चीवर पाय हलवत बसलेली. आईने तोंड उघडलं की ती चूक काढायची, तीही बंदी असलेल्या हिंदीत. "मम्मा, 'पेन इज कमिंग' नहीं बोलते. कितनी बार बताऊँ?" तिच्या त्या स्वरात अगदी ओळखीची तुच्छता होती. पलंगाच्या दांड्यावरून बोट फिरवताना असायची, तीच.

ती धाकट्यासमोर उभी राहिली. हात जोडल्यासारखे धरले. सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "युवर मदर विल नॉट कम होम विथ यू. शी हॅज टू स्टे हिअर. यू हॅव टू गो नाऊ."

पोराचं इंग्रजी चांगलंच होतं, तिनेच पक्कं करून घेतलं होतं. त्याला प्रत्येक शब्द कळला. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ओठ काढले. मग असा काही हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या. माझ्याकडे, म्हणजे नाटकातल्या आईकडे, तो आलाच नाही. तिच्या पायांना मिठी मारून किंचाळला, "आई, तू नको ना जाऊस! मला नको पाठवू!" मराठीत.

ती खाली बसली. सगळं आयर्लंड गळून पडलं. त्याला छातीशी घेऊन अकोल्याच्या बोलीत बोलायला लागली, जी मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. "काऊन रडून राहिला रे माह्या सोन्या? कुठी चालली मी? तुले सोडून मी कुठी जाईन का? तू जिथं, मी तिथं. बघ, माह्याकडे बघ." सगळं सावकाश, त्याच्या हुंदक्यांमधून जागा काढत, पाठीवर हात फिरवत. थोरलीने "मम्मा, टाइम" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळाने तीही खुर्चीवरून उतरून त्या दोघांना जाऊन चिकटली.

मी चादरीखालून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून मला तिचा जास्तच राग आला. उठून बसले आणि म्हटलं, "अगं, हेच बोल की परीक्षेत. इंग्रजीत बोल, पण असं बोल."

तिने पदराने नाक पुसलं. ओढून घेतलेला ताठा परत चेहऱ्यावर आला. "नाही ताई. तिकडे असं नाही चालत. प्रोफेशनल लागतं."

आता सांगा, अशा बाईचं काय करावं?

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. तिथे काय बोलली, कशी बोलली, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोकरी मिळाली, मुलांसकट व्हिसा मिळाला, नवरा पेन्शनीत निघाल्यावर जाणार असं ठरलं. शेवटच्या दिवशी आम्ही प्याजच्या कचोऱ्या मागवल्या. तिने एक कचोरी हातात घेतली आणि म्हणाली, "तिकडे निरोपाला केक असतो." आयाने कपाळाला हात लावला. तीन कचोऱ्या मात्र तिने संपवल्या. निघताना पाया पडायला वाकली, तेव्हा मी म्हटलं, "पुरे, तिकडे असं नसतं." पहिल्यांदाच ती माझ्या बोलण्यावर हसली.

ती गेली आणि आठवडाभरात वॉर्डात सतरंज्या परत आल्या. सुना आल्या, डबे आले, मेहुणे आडवे झाले. आया खूश झाली. मीही खूश झाले असं मी सगळ्यांना सांगितलं. पलंगाचे दांडे हल्ली मी रोज पुसून घेते. बोट फिरवून बघत नाही, एवढा मान मी स्वतःचा राखला आहे.

मागच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. छोटीशी खोली, खिडकीबाहेर राखाडी उजेड, अंगात जाड स्वेटर. मी म्हटलं, "काय गं, तिकडे कसं आहे?"

"काय सांगू ताई," ती म्हणाली. "पेशंटला भेटायला कोणी येत नाही. म्हातारी माणसं दिवसभर दाराकडे बघत बसतात. आपल्याकडे असं नसतं."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! चांगलं धुवायचं, असं ठरवून ठेवलं होतं. पण ती एवढी दमलेली दिसत होती की माझं हसू आतच राहिलं.

तेवढ्यात मागून धाकटा आला. उंच झालाय, गाल लाल झालेत. "अरे, बघ कोण आहे," ती म्हणाली. "जयपूरच्या आंटी. नाटकात तू नव्हतास का त्यांना घरी न्यायला आला?" त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मी हात हलवला. त्याला माझी ओळख पटली नाही. तो लाजला आणि पटकन तिच्या पाठीमागे जाऊन लपला. तिच्या स्वेटरची कड मुठीत घट्ट धरलेली मला दिसत होती.

"बाहेर ये की रे," मी म्हटलं.

तो आला नाही. तिने मागे हात नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.