सहा मांडे, चोवीस पानं

शिंदखेड्याच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक गुरुजी होते. गणित शिकवायचे, म्हणजे फळ्यावर खडू आपटून ओरडायचे, "अपूर्णांकाने भागायचंय? तो उलटा करा आणि गुणा! का, ते विचारायचं नाही." त्यांना स्वतःलाच 'का' ठाऊक नव्हतं, म्हणून तर एवढा आवाज.

एकदा त्यांनी सहाला पावाने भागून चोवीस उत्तर काढलं. एका मुलीने उभं राहून विचारलं, "गुरुजी, भागाकार शे ना, मंग उत्तर वाढनं कसं?" तिला त्यांनी तिथल्या तिथे कोपऱ्यात उभं केलं.

त्याच दुपारी गावातल्या एका लग्नघरातून शाळेला सहा मांडे आले. खापरावर भाजलेल्या, परातीएवढ्या पुरणपोळ्या. वाढायला अर्थातच गुरुजी पुढे. मिरवायची संधी हा गृहस्थ सोडेल कसा? त्यांनी प्रत्येक मांड्याचे चार तुकडे केले आणि पानापानावर पाव मांडा टाकत गेले. शिक्षक, शिपाई, पाहुणे मिळून चोवीस पानं होती. शेवटच्या पानावर शेवटचा तुकडा पडला.

तुपाचे हात धोतराला पुसत गुरुजी म्हणाले, "बघितलंत? सहाच मांडे, पण चोवीस जणांना पुरवले. याला हाताला बरकत लागते!"

वाढलेल्या पानावर बसून हसता येईना, म्हणून मी पुरणाबरोबर हसूही गिळलं.

घंटा झाली. मुलगी अजून कोपऱ्यातच होती. भिंतीपलीकडून मला गुरुजींचा तृप्त आवाज ऐकू आला, "काय गं, डोक्यात शिरलं का काही?"