सोपटाची शेपटी

ताप उतरल्यावर माणसाने गप्प पडून राहावे. नंदकुमारला ते जमले नाही. तीन आठवडे थंडीतापात काढून तो ओट्यावर उन्हाला येऊन बसला, तेव्हा शेजारच्या गोदाबाईंनी विचारले, गुण कशाने आला? गुण आला होता सरकारी दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडू गोळ्यांनी. पण नंदकुमारच्या बोटात नवी अंगठी होती, हत्तीच्या शेपटीच्या केसाची, आणि बऱ्हाणपूरच्या राजपुरा मोहल्ल्यात ती अजून कोणाच्या नजरेत भरली नव्हती. त्याने हात पुढे केला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितले, "कोयनेल नावाला हो, काकू. ताप उतरवला हिने."

थट्टाच ती. पण गोदाबाईंचा नातू त्याच तापाने आत फणफणत होता. त्या हसल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन तडक शहराच्या दरवाजाबाहेरच्या चिंचेकडे निघाल्या, कारण हत्तीण तिथे बांधलेली होती.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. संस्थाने विलीन होत होती. राजांचे तनखे ठरत होते, हत्तींचे काही ठरले नव्हते. सातपुड्यापलीकडच्या एका चिमुकल्या संस्थानाने एक तोफ, दोन बग्ग्या आणि जमना नावाची हत्तीण सरकारजमा केली. तोफ आणि बग्ग्या कुठे गेल्या ते कोणी विचारले नाही. जमना मात्र असीरगडाखालून चालत बऱ्हाणपुरात आली आणि जंगल खात्याच्या कचेरीच्या गळ्यात पडली. माहुताने पगार थांबताच घरचा रस्ता धरला होता. तिच्यासोबत आला तो फक्त चारा तोडणारा कडू.

कडू मूळचा इथलाच, इच्छापूरचा. आधीची तीन भावंडे अंगावर पीत असतानाच गेली, म्हणून आईने चौथ्याचे नाव कडू ठेवले. मरणाने तोंडात घातला तरी थुंकून टाकावा. अठराव्या वर्षी तो इच्छादेवीच्या जत्रेत संस्थानचे हत्ती पाहायला गेला आणि त्यांच्यामागून चालत जो गेला, तो पन्नाशीला टेकल्यावर परतला. मधल्या काळात त्याने लग्न केले नाही, घर बांधले नाही. पूर्वेकडच्या जंगलात पकडलेले एक पिल्लू संस्थानात आले होते. दोराने पाय सोलवटलेले, आईसाठी हंबरणारे. त्याला तांदळाची पेज पाजून कडूने वाढवले. तीच जमना.

नंदकुमार हा कचेरीतला सर्वांत धाकटा कारकून. सातवी पास. सुरेख अक्षर आणि तिखट जीभ, या दोन गोष्टींचा त्याला फार अभिमान. दिवाळीनंतर वरून कागद आला, तो कडूला त्यानेच वाचून दाखवला. पूर्वेच्या जंगलातले हत्ती शिकारीने आणि पकडीने फार कमी झाले होते. आता पकड बंद. तिथल्या लाकडाच्या छावणीला धडधाकट माद्या हव्या होत्या, कारण रानातले सुळेवाले त्यांच्याकडे येतात, पिल्ले होतात, कळप वाढतो. जनावरांच्या डॉक्टरने पास केले तर जमना तिकडे जाईल. नाही तर लिलाव.

एक ओळ कडूने दोनदा वाचून घेतली: काम संपल्यावर संध्याकाळी साखळी काढून जनावर जंगलात सोडण्यात येते.

"साखळी काढतात," कडू म्हणाला. "असंच लिहेल आहे ना, बाबू?"

"सरकारी शिक्का आहे खाली."

धोतराच्या सोग्याने कडूने उगीचच जमनाचा पाय पुसला, साखळीच्या घट्ट्याजवळ. तो इतका खूश होता की नंदकुमारने अंगठीसाठी एक केस मागितला तेव्हा नाही म्हणाला नाही. केस तिचा, तर मोबदलाही तिलाच, एवढी अट घातली: केळीचा एक घड. नंदकुमारने कबूल केले. बऱ्हाणपुरात केळीचा घड ही काही दुर्मिळ चीज नव्हे. म्हणूनच तो आजचा उद्यावर गेला, मग नंदकुमारच तापाने पडला, आणि घड राहिला.

गोदाबाई केस घेऊन आल्या. चौथ्या दिवशी नातू उठून बसला. त्यालाही कोयनेल चालू होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. आठवड्यात चिंचेखाली बायकांची रांग लागली. कडेवर तापलेली पोरे, हातात गुळाचा खडा. नंदकुमारचे धाबे दणाणले. गोदाबाईंकडे जाऊन त्याने खरे काय ते सांगितले. त्या म्हणाल्या, "नंदू, तुझा ताप गेला ना? मग दुसऱ्याच्या लेकराच्या टायमालेच तुझी जीभ का वळते?" पुढे त्याने ते दुसऱ्या कोणाला सांगितले नाही. कडूला तर नाहीच.

कडूने मनावर घेतले असते तर रांग एका आरोळीत मोडली असती. तसे त्याने पहिल्या दिवशी करून पाहिलेही. पण मालूबाई नावाची एक मजूर बाई गेलीच नाही. पोर मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. तिची आधीची दोन गेली होती. कडूने केस उपटून तिच्या हातात ठेवला. नंदकुमारने विचारले, या केसाने खरेच गुण येतो का?

"मले काय माहीत," कडू म्हणाला. "पण बाई आज त्या केसाच्या धीरावर बसून राहील. माझ्या मायले असं कोणी काहीच देल नव्हतं."

एकीला दिल्यावर दुसरीला नाही म्हणायला तोंड राहिले नाही. आणि कडू केळीची खोडे आणायला मळ्यांकडे गेला की, मागे जे येत ते विचारतही नसत. कोणी अडकित्ता आणी, कोणी चिमटा. केसाबरोबर कातडी येई. जमना पाय बदलून उभी राही, पण मागे वळली नाही. तिला माणसांच्या हातचाच घास ठाऊक होता.

पौषात शेपटीचा गोंडा संपला. हत्तीला माश्या हाकायला तेवढेच असते. जखमांवर गोमाश्या बसल्या, मग किडे पडले. कडूने कडुनिंबाचा काढा केला, हळद भरली. केळीच्या खोडाचे सोपट सोलून, वाळवून, पिंजून त्याने झुपकेदार गोंडा वळला आणि उरलेल्या शेपटीला बांधला. जमनाने तो हलवून पाहिला. लोक हसले. नंदकुमारलाही एक विनोद सुचला होता, पण तो त्याने गिळला. गोंडा दोन दिवसांत गळून पडे, आणि कडू नवा वळे. मधल्या वेळात फांदी घेऊन तो तिच्यामागे उभा राही. जेवायलाही हललेला कोणी पाहिला नाही.

डॉक्टर आले ते वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी दात पाहिले, पाय पाहिले, उत्तम म्हणाले. मग मागे गेले आणि सोपटाचा गोंडा हातात धरून उभे राहिले. शेपटीचे टोक सडले होते. ते तिथेच कापावे लागले. कडूने सोंड छातीशी धरून ठेवली.

"जनावर गुणाचं आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण ते मोकळं रान आहे. ही जखम पुन्हा चिघळणार. तिथे हिच्यामागे माश्या हाकत कोण फिरेल?"

"मी फिरन," कडू म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. कागदात तशी जागा नव्हती. शेपटीची ही दशा कोणी केली, असे त्यांनी विचारले. अहवाल नंदकुमार लिहून घेत होता. कडू त्याच्याकडे बघत उभा होता. नंदकुमारने मान वर केली नाही. ‘अज्ञानी लोकांनी’, असे त्याने आपल्या सुरेख अक्षरात लिहिले.

लिलावात जमना एका फिरत्या सर्कशीने घेतली. सर्कशीला शेपटीशी कर्तव्य नव्हते आणि कडूशीही नव्हते; त्यांची माणसे त्यांच्याकडे होती. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर उघड्या डब्यात चढताना जमना अडली. तिला चढवायला शेवटी कडूलाच बोलवावे लागले. तो पुढे चढला, ती मागून चढली. मग तो खाली उतरला. उतरण्याआधी त्याने नवा गोंडा बांधला होता, दुहेरी गाठीचा. नंदकुमार घड घेऊन निघणार होता, पण त्या दिवशी कचेरीत काम निघाले. निदान त्याने स्वतःला तसे सांगितले.

नंतर सात वर्षे गेली. प्रांतांच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या, कचेरीवरची पाटी बदलली. कामानिमित्त नंदकुमार इच्छापूरला गेला, तेव्हा कडू एका मळ्याच्या बांधावर सोपटाचे दोर वळत बसलेला दिसला. नंदकुमारने सगळे एकदाचे सांगून टाकले: अंगठी, कोयनेल, गोदाबाई.

कडूचे हात थांबले नाहीत. "गोदाबाईनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नंदूच्या अंगठीनं ताप गेला म्हणून."

"मग मला बोलला का नाहीत, कडूभाऊ?"

"काय बोलू? तुम्ही एक केस नेला, बाबू. बाकीचे मी दिले." दोराला पीळ देऊन झाल्यावर तो म्हणाला, "तो घड मात्र राहिला. माझा असता तर सोडून देल असता. तिचा आहे."

पुढच्या थंडीत कडू गेला. त्यानंतर ती सर्कस भुसावळला आल्याचे कळले. नंदकुमार मळ्यातला सर्वांत मोठा घड खांद्यावर घेऊन गेला. तिथे दोन हत्ती होते. दोघांच्या शेपट्यांना केस होते. आखूड शेपटीची पुढे विकली, असे तिथला माणूस म्हणाला. कोणाला, ते त्याला सांगता येईना.

घड घेऊन तो घरी परतला आणि खुंटीला टांगला. केळी पिकली, डागळली, काळी पडली. मुलांनी मागितली तेव्हा त्याने बाजारातून दुसरी आणून दिली.