मोठी लाईन मागणाऱ्यांत मीच पुढे होतो

पवनी रोड स्टेशनावरून छोट्या लाईनीची, म्हणजे नॅरोगेजची गाडी जायची तेव्हा तिची सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. "पायी निघालो असतो तं आतापर्यंत जेवूनही झालं असतं," असं डब्यात मोठ्यानं म्हणायचो आणि लोक हसायचे. पुढे मोठ्या लाईनीच्या मागणीसाठी सह्या गोळा करायच्या ठरल्या, तेव्हा कागद घेऊन घरोघर फिरणाराही मीच. मायचा अंगठा मी स्वतः लावून घेतला.

"गाडी बंद तं नाही होणार न रे?" तिनं विचारलं.

"कायची बंद होते! उलट अर्ध्या वेळात बाईच्या घरी पोचशील."

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, नागभीडला दिलेली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाईला माहेरी मुक्काम करता येत नसे. पण सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाता यायचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचं नाच-गाणं रंगतं, लेकीबाळी माहेरी येतात. आमच्या मंडईला बाई कधीच चुकली नाही. गाडीच्या तासभर आधी माय स्टेशनावर जाऊन बसायची. मग दिवसभर दोघी चुलीपाशी लाखोरीच्या डाळीचे वडे तळत काय बोलायच्या देव जाणे! मी गेलो की गप्प व्हायच्या. मला राग यायचा त्याचा. आज तो राग यावा असं फार वाटतं.

सरकारनं मंजुरी दिली, पैसा दिला, आम्ही पेढे वाटले. मग गाडी बंद झाली आणि रूळ उखडले. "थोडे दिवस कळ काढा," असं ज्याला त्याला मीच सांगत होतो. त्या थोड्या दिवसांत किती मंडया गेल्या! सासूचं सकाळचं आवरून निघालं की बसनं बाईचं एका दिवसात येणं-जाणं जमेना. मायला बस लागते, वेशीबाहेर पडली की उलट्या सुरू. फोनवर तिला धड ऐकू येत नाही, बाईला तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं.

स्टेशनाची नवी इमारत झाली तेव्हा मी मायला मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं. तिनं फरशीवरून हात फिरवला, बाकावर बसून पाहिलं.

"सगळं बेस हाये रे. गाडी कुठी हाये?"



यंदा मात्र तिनं हट्टच धरला. "लेक माझ्या मंडईले येऊ शकत नाही न? मंग मलेच ने तिच्या मंडईले." माय लेकीच्या सासरी मंडईला गेली तर लोक काय म्हणतील म्हटलं, तर म्हणाली, "म्हणू दे, मले कुठं ऐकू येते!"

भिवापूरला बस बदलली. तोवर तिच्या पोटात पाणीही टिकेना. बाईच्या घरी पोचल्यावर ती आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. बाहेर दंडारीचा ढोल वाजत होता आणि बाई तिचा हात धरून उशाशी बसली होती. मध्येच तिच्या कानाशी वाकायची, पण तिचा चेहरा पाहून पुन्हा सरळ व्हायची. बाईच्या घरी सासू अंथरुणावर होतीच, तिथं मुक्काम करणं शक्य नव्हतं. शेवटच्या बसची वेळ झाली. बाईनं लिंबू आणि पिशव्या दिल्या, आम्ही निघालो.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मायला जरा हुशारी आली. म्हणाली, "तिले काही तरी सांगाचं होतं रे. माझ्यानं डोळेच उघडले नाही. तू विचार न तिले."

मी लगेच फोन लावला. 

"तुले नाही सांगता येत बाबू," बाई म्हणाली. "गाडी सुरू झाली का येतो मी. मायलेच सांगीन."