समिंदराचा पल्याडचा काठ

माझं माहेर भाजं, अन सासर रुळाच्या पल्याड, मळवली टेसनावरनं कार्ल्याच्या डोंगराकडं जायच्या वाटंवर. म्हंजी लगीन झालं तवा माझा परवास काय, तर रूळ वलांडला. म्होरं डोक्यावर मोळी घेऊन लोनावळ्याला जायाचं, बंगल्यांच्या मागल्या दारी टाकायची अन माघारी यायाचं. एवढीच माझी दुनिया. म्हनून आमी समिंदर बघाय गेलतो ती गोष्ट काढली की नातवंडं हसत्यात. हसू द्या.

चैताचा म्हैना आला की कोळी लोक एकवीरा आईला यायचे. गाडीतनं उतरून नाचत-वाजवत आमच्या दारावरनं जायचे. त्यातली एक कोळीन दर साली आमच्या पडवीत उतरायची. ती सुकट अन बोंबील आनायची, आमी तिला आंबेमोहोर तांदूळ द्यायचो. ती अन माझी सासू एकाच वयाच्या. दोगी तंबाखूची मिशेरी भाजत बसायच्या अन भांडायच्या. भांडन दर साली एकच.

कोळीन म्हनायची, "आमच्या दर्याला पलीकडं काठ नाय गो बाय."

सासू म्हनायची, "पानी म्हनलं की त्येला दोन काठ असत्यात. आमच्या इंद्रायनीला हायेत, वलवनच्या धरनाला हायेत. पलीकडं काठ न्हाई, तर मग पानी अडतंय कशावर?"

"तू येऊन बग."

"येतीया. अन दावतीया तुला काठ."

असं म्हनत म्हनत दोगींच्या डोक्याचा कापूस झाला.

सासूचा उजवा डोळा मी लगीन होऊन यायच्या आदीच गेलता. लावनी करताना भाताचं पातं घुसलं. गुडघाभर चिखलात व्हती. पदरानं डोळा पुसला अन वळ पुरी करूनच बांधावर आली. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चढाय लागला. तळेगावच्या दवाखान्यात नेली. डाक्टर म्हनला, "आजी, अजून पिकलेला न्हाई. पिकू द्या, मग कापू. पन एकच डोळा हाय, खात्री देत न्हाई."

भाईर आल्यावर म्हातारी म्हनली, "पिकू द्या म्हंजी काय? ह्यो काय आंबा हाय?" गाडीत बसल्यावर माझा हात धरला अन म्हनली, "ह्यो पिकायच्या आत मला त्या कोळनीचं पानी बघायचंय. न्हाईतर ती जलमभर खरी ठरंल."

आता समिंदराला जायचं म्हंजी रस्ता ठरवाय पायजे. माझे मालक रेल्वेत गँगवर. दिसभर रूळ ठोकायचे. त्यांना वाटायचं, वाट आखायची ती आपुनच. माझा धाकला दीर लोनावळ्याच्या एका सेठच्या टरकावर डरायवर. कांदं-बटाटं घिऊन अलिबागंकडं उतरायचा अन नारळ भरून यायचा. त्याच टरकातनं जायचं ठरलं.

मालकांनी सारवल्या अंगनात भाताचं दानं मांडलं. "ह्यो खंडाळा. ह्यो घाट. हितं शिंगरोबाला नारळ. ही खोपोली, हितं भैन हाय, तिच्याकडं उतरायचं."

दीर म्हनला, "दादा, टरकात माल असतोय. पानी पिऊन निघायचं, बरं का."

"भैनीच्या दारावरनं जायचं अन नुसतं पानी? लोक काय म्हनतील?"

सासू म्हनली, "पेनला धाकल्या सुनंचा बाप हाय. ईवायाच्या दारावरनं गाडी न्यायची अन हारन बी वाजवायचा न्हाई? उद्या त्येलाच तोंड दावायचंय." पेनला दाना पडला.

शेजारीन कुडावरनं वाकून म्हनली, "वडखळला मिठागरं हायेत. माझ्यासाटनं मीठ आना." वडखळला दाना पडला. मग अलिबाग. तिथनं रेवदंड्याच्या वाटंला लागलं की समिंदराच्या कडंकडंनं रस्ता, त्याच वाटंवर कोळनीचं घर. दीर सांगत व्हता, "एका अंगाला सुपारीच्या वाड्या, अन वाडीच्या फटीतनं नुसतं पानी चमकतंय. तितं मी गाडी हळू चालवीन, आई." म्हातारीनं तितं सोताच्या हातानं चार दानं टाकलं.

मी चुलीम्होरनं म्हनलं, "ही काय मेल गाडी न्हाई, समद्या टेसनाला थांबनारी शटल हाय."

मालक म्हनले, "तू भाकरी बघ, करपंल." तेवढ्यात कोंबडी आली अन पेन खाऊन गेली. मालकांनी तिला हाकलली अन दुसरं पेन मांडलं.

आठवड्यात दीर धावत आला. "वैनी, अवसंला गाडी चाललीया. क्याबीन मोकळी हाय. आईला तयार करा."

मालक वरडले, "अवसंला? अवसंला कुनी घरातनं पाय काढतं व्हय? तेबी घाट उतराया!"

म्हातारी म्हनली, "मला चालतीया अवस. माझ्या डोळ्यात आता रोजच अवस पडाय लागलीया."

पर मालक कुटं ऐकत्यात. अवस गेली, टरक गेला. म्होरली खेप दशमीची निघाली. मालक खूश. दशमी चांगली, कोंबडी-मासळी खाता येतीया. दुसऱ्या दिशी एकादस, समदं बंद. दशमीची निवड कशी बेस, ते गँगवर बी समद्यांना सांगून आले.

मधल्या दिसांत म्हातारीचा डोळा लय उतरला. एका सकाळी खुटीवरच्या घोंगडीला मी समजून तिनं दम दिला, "अशी उबी काय ऱ्हायलीस ग, पानी कोन आननार?" मी पाठीमागं पानी घिऊनच उबी. घागर उतरवली अन म्हनलं, "आनलं, आत्याबाई." ती म्हनली, "मग आदीच बोलायचं!" पर दिसभर ती भिताडाला हात लावून चालली, ते मी बघितलं.

दशमीला उजाडायला निघालो. म्हातारी क्याबिनीत, मी अन मालक वर गोन्यांवर. मालकांच्या काखंत भैनीसाटनं कोंबडी, तीच पेन खानारी. घाटात दीरानं गाडी थांबवून शिंगरोबाला नारळ फोडला. खोपोलीला नणंद वाटंतच उबी. "दादा, कोंबडी आनलीस? मग ती खाल्ल्याबिगर कोन जातंय बघते मी."

"अगं, समिंदर—"

"समिंदर काय पळून चाललाय?"

कोंबडी कापली, शिजली, जेवलो. पेनला ईवाही म्हनले, "खोपोलीला जेवला अन आमच्याकडं चहावर भागवनार? आमी काय कमी हाय का?" घारगं तळलं, पोटात जागा नसताना खाल्लं. वडखळला मीठ घेतलं, अन घेताना मालकांना एक जुना सोबती भेटला. तितं चहा. म्हातारी क्याबिनीतनं हाळी देत व्हती, "आरं लेका, पिकतंय रं! बोलनं आवर!" कुनाला कळंना काय पिकतंय. मला कळत व्हतं. मी मालकांच्या हातातली बशी काढून घेतली.

अलिबागंला माल उतरला. रेवदंड्याच्या वाटंला लागलो तवा दुपार कलली व्हती. दीरानं गाडी हळू केली. "आई, बघ, ह्या फटीतनं!"

म्हातारीनं डोक्याव पदर सारला, डोळ्याव हात धरला. बघतीया, बघतीया. म्हनली, "शेत हाय."

मी वरनं बघितलं. खरंच. काळी, वली जमीन, लांबच्या लांब. चिखलनी करून ठेवल्यावानी. तिच्यात चारदोन होड्या आडव्या पडल्याल्या. पानी कुटंच न्हाई. लांब, पार टोकाला, कुनीतरी राखंनं रेघ वढल्यागत पांढरं कायतरी.

म्होरं कोळनीच्या घरापाशी गाडी थांबली, तशी ती दारात आली. म्हातारीला मिठी मारली. "आयलीस गो बाय! पर दशमीच्या दुपारी दर्या बगाय कोन येतं? आता सुकती हाय. पानी पार लांब गेलं. अवसंला आयली असतीस तर दुपारी पायरीवर येऊन तुजं पाय धुतलं असतं त्यानं."

आमी समद्यांनी मालकांकडं बघितलं. मालक एका होडीचं फळकुट कसं बसवलंय, ते लय निरखून बघाय लागले.

आमाला काय ठावं? आमच्या डोंगराकडं पानी एकदा खाली गेलं की गेलं. ते परत वर येत न्हाई. समिंदर रोज जातो अन रोज येतो, हे कुनी सांगितलंच न्हवतं. अन कोळनीला वाटलं, एवढं तर ल्हान लेकराला बी ठावं असतंय, सांगायचं काय?

दीर म्हनला, "आई, मला ह्या वाड्यांमदी नारळ भरायचंत. भरलं की निगावं लागंल, सेठ वाट बघतोय. तवर आलं तर बघ."

म्हातारी वाळूत बसली. फतकल मारून. म्हनली, "बसलीया मी."

मी तिच्या बाजूला. कोळीन बोंबील भाजाय गेली. मालक लांबच फिरत व्हते. गाडीत नारळ पडल्याचा धप धप आवाज येत व्हता. पयल्यांदा सावकास, मग भराभर. म्हातारी त्यो आवाज मोजत असल्यागत मान हालवत व्हती. मला वाटलं, एवढं लांब येऊन, एवढं थांबून, ही बाई चिखलच बघून जायाची.

मी म्हनलं, "येत न्हाई वाटतं, आत्याबाई."

ती म्हनली, "यील. त्येला बी वाटंत भैनी असतील, ईवाही असतील. कोंबडी खाल्ल्याबिगर सोडत नसतील त्येला."

मी हसले. लगीन होऊन आल्यापून मी तिच्याम्होरं अशी तोंड उघडून कवा हसले नव्हते. ती बी हसली. मग म्हनली, "गप. ऐक."

आवाज आलता. आमच्या पावसाळी वढ्यावानी न्हाई. दळन दळल्यावानी, बारीक अन एकसारखा. होड्यांखालच्या चिखलाला चमक आली. एक होडी हालली. दिस खाली उतरलेला, त्यो समदा त्या पान्यात सांडलेला, अन पानी त्यो घिऊन आमच्याकडं येतंय. म्हातारीनं डावा डोळा किलकिला केला, मग पुरा उघडला. पानी आलं, तिची पावलं भिजली, लुगड्याचं काठ भिजलं. मी उठाय लागले, तर तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

मग म्हनली, "चमकतंय ग. लय चमकतंय. थेट वर आभाळापातुर. पर त्येच्या म्होरचं मला दिसत न्हाई. तू बघ. पल्याडचा काठ दिसतोय का?"

कोळीन मागं येऊन उबी ऱ्हायलेली. मी उबी ऱ्हायले, टाचा उचलल्या, डोळ्याव हात धरला, जेवढं लांब बघता यील तेवढं बघितलं. नुसतं पानी. मी म्हनलं, "न्हाई दिसत, आत्याबाई."

दीरानं हारन वाजवला.

म्हातारी माझ्या खांद्याव हात टाकून उठली. कोळनीकडं वळून म्हनली, "माझी सून मोळ्या वाहती, लावनी करती, समदं करती. पर लांबचं तिला जरा कमीच दिसतंय. तळेगावला दावाय पायजे."

म्होरल्या चैतापातुर तिचा डोळा पिकला. डाक्टरानं कापला, पर दिसलं न्हाई. कोळीन आली तवा पडवीत तिच्या म्होरं बसली अन हळूच म्हनली, "बगितलास ना गो दर्या? आता तरी कबूल कर, काठ नाय."

म्हातारीनं मिशेरीचं बोट दातावरनं काढलं. "हाय. त्या दिशी वाईच धुकं व्हतं."