ताटकळलेली पेटी

वहिनीला एका वेळी एकच काम करताना कुणी पाहिलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान. हातात सोल्डरिंग गन, खांद्यानं कानाशी दाबलेला फोन, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनीच ‘बसा’. तेवढ्यात आत चहा उतू जायच्या बेतात आला, की उठायची तीच. ‘हिला चार हात मिळायचे होते, देवानं दोनवरच भागवलं,’ असं तिचे सासरे म्हणत. त्यांना घरात सगळे नाना म्हणायचे.

धाकट्या नणंदेनं नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत कोंबडीची अंडी उबवायला घेतली. तिच्यासाठी पेटी वहिनीनंच बांधली. आत हीटर, तापमान मोजणारा सेन्सर, आणि दोघांच्या मध्ये बोटाएवढा एक बोर्ड. ऊब कमी झाली की हीटर लावायचा, वाढली की बंद करायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो इमानेइतबारे करत होता.

पण नणंदेला तापमान फोनवर हवं होतं. बाजारात गेली तरी तिचा जीव अंड्यांत. वहिनीनं बोर्डाला वाय-फाय जोडून दिलं. दुकानात दिवसभर चालवून पाहिलं. आकडा फोनवर बिनचूक येत होता.

आता नानांची सवय अशी, की घराबाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायचं. पंखा, दिवा, टीव्ही. पेटीच्या बटणावर नणंदेनं आठवणीनं चिकटपट्टी लावली होती. राउटरच्या बटणाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी नाना चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाहेर पडले आणि राउटर बंद झाला. नणंद बाजारात खाद्याची चौकशी करत होती. अधूनमधून फोन बघत होती. आकडा अगदी हवा तसा. घरी आली, सहज मागच्या खोलीत डोकावली आणि ओरडलीच.

“वहिनी! धाव!”

पेटीतल्या साध्या थर्मामीटरचा पारा भलताच वर चढला होता. हीटर लालबुंद. वहिनीनं आधी प्लग ओढला, मग झाकण उघडलं. तोंडावर गरम हवेचा लोट आला.

“फोनवर तर सगळं ठीक होतं,” नणंद म्हणाली.

“तो मघाचा आकडा. नवीन आलाच नाही, म्हणून जुनाच दिसत राहिला.”

“आणि हीटर?”

वहिनीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. तिनंच लिहिलेल्या ओळी तिनं खाली-वर वाचल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

“बोल ना.”

“वाय-फाय गेलं, की परत येईपर्यंत तिथंच थांब, असं मी त्याला सांगितलंय. तो थांबला. थांबला तेव्हा हीटर चालू होता. मग बंद कोण करणार?”

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं. “कमाल आहे तुझी. स्वतः जन्मात कुणासाठी थांबली नाहीस, आणि त्या बिचाऱ्याला दारात ताटकळायला शिकवलंस!”

वहिनीला ते झोंबलं. पण खरं होतं.

तेवढ्यात नाना आले. झालेलं ऐकून मटकन खुर्चीत बसले.

“म्हणजे माझ्यामुळे?”

“नाही हो नाना. बटण कुणीही बंद करेल. राउटर बिघडेल, त्याची वायर निघेल. चूक माझीच.”

नणंद पेटीशी बसून राहिली. झाकण किलकिलं करून, पाऱ्याकडे बघत, तिनं पेटीतली ऊब हळूहळू जागेवर आणली. उरली असतील ती अंडी तरी वाचायला हवी होती. ही पहिलीच खेप. ती वाया गेली, तर पुन्हा नोकरीच्या मागे लागणं आलं.

वहिनीनं त्या ओळी पुसल्या. बोर्डाला तिनं नव्यानं शिकवलं. आधी ऊब बघ, हीटर सांभाळ. मग वाय-फायला एकदा हाक मार, केव्हा मारली ते लक्षात ठेव आणि आपल्या कामाला लाग. प्रत्येक फेरीत नुसतं विचार, ‘जोडलं का?’ नसेल तर पुढे. बराच वेळ उत्तर नाही आलं तर पुन्हा एक हाक. आणि फोनवर आकडा शिळा झाला, की त्याच्याखाली तसं लिहून यायला हवं.

“नाना, राउटर बंद करा.”

“मी? नको गं बाई.”

“तुम्हीच करा. तुमच्याइतकं मन लावून कुणी करत नाही.”

नाना हसले आणि उठले. बटण खाली गेलं. तिघं पेटीपुढे उभी राहिली. हीटरचा दिवा लागलेला होता. पारा हवा तिथे पोचला आणि दिवा विझला. थोड्या वेळानं पुन्हा लागला, पुन्हा विझला. फोनवर आकड्याखाली ‘जुना आकडा’ असं उमटलं.

“चालू दे असंच,” नणंद म्हणाली. तिचा चेहरा मात्र सैल झाला नाही. आत काय उरलंय, ते अजून कुठं कळलं होतं?

आत जीव आहे का ते कळायला अंडी उजेडावर धरून बघायचा दिवस आला. पडदे ओढले. नणंदेनं टॉर्चवर पहिलं अंडं धरलं. नुसताच गढूळ डाग. तिनं ते बाजूला ठेवलं. दुसरंही तसंच. वहिनीनं ओठ आवळले. तिसऱ्यात लालसर शिरांचं जाळं दिसलं, आणि मधोमध एक काळा ठिपका. तो हलला.

“दिसलं?” नणंद कुजबुजली.

“दिसलं.”

पुढं काही जिवंत निघाली, काही नाही. नणंद एकेक बघत गेली. वहिनी नुसती उभी होती, हात रिकामे, फोनसुद्धा नाही.

“अगं, बघत काय उभी राहिलीस?” नणंद म्हणाली. “झाकण लाव. गार होतील.”