होऊन राह्यलं

आमच्या अहेरीतला मेकॅनिक ‘झालं’ असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, “होऊन राह्यलं, भाऊ.” माझी जुनी जपानी एसयूव्ही त्याच्याकडे दिली तेव्हापासून ती नुसती होऊनच राहिली आहे. मुलीला बाळंतपणासाठी चंद्रपूरहून माहेरी आणायचंय, या रस्त्यांवर तिला बसनं आणवत नाही, आणि मी त्याच्या गॅरेजपुढे कपाळ बडवून घेतोय.

हे मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं. पार्ट मिळत नाहीत. इकडे अशा दोन-तीनच गाड्या उरल्यात, आणि याच्या लेखी त्या सगळ्या मिळून एकच गाडी. माझा आरसा आश्रमशाळेच्या मास्तरांच्या गाडीला, मास्तरांचं दार माझ्या गाडीला. माझ्या लाल गाडीला पांढरं दार पाहून मी ओरडलो, तर कानामागची बिडी काढत तो म्हणाला, “दार लागते ना बराबर? मंग?”

काल आठवडी बाजारात मागून घोगरा हॉर्न वाजला. माझ्याच गाडीचा! इतकी वर्षं ऐकलेला आवाज, चुकणार कसा? झाली एकदाची, म्हणत मी आनंदानं वळलो. मागे मास्तरांची पांढरी गाडी, आणि स्टिअरिंगवर हा. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सरका ना भाऊ! कवाचा वाजवून राह्यलो. तुमचाच हॉर्न आहे, अन् तुमालेच ऐकू नाई येत काय?”